होण्याआधी नोंदवलेली सौरज्वाला

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाते – भीती वाटते म्हणून नाही, पटतच नाहीत म्हणून. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला राहतो. मी घरूनच एका सामायिक डेटाबेससाठी काम करते. अनेक वेधशाळांकडून सूर्याचे फोटो येतात. सौरज्वाला, म्हणजे सूर्यावरचा तेजस्वी भडका, दिसली की तिची जागा आणि वेळ नोंदवायची. प्रत्येक फोटो दोघं जण, एकमेकांना न विचारता तपासतात. वेळ मात्र जागतिक – आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे.

गेल्या मे महिन्यात माझ्या ट्रायलचा शेवटचा दिवस होता. एका जरी नोंदीवर वाद शिल्लक राहिला, तर नोकरी नाही.

सकाळचे अकरा चाळीस. शेजारी आई कोकमासाठी रातांबे फोडत होती. स्क्रीनकडे बघून म्हणाली, "ह्या डाव्या कडेला काय गो एवढं चमकतंय?"

ज्वालाच होती. कोपऱ्यात वेळ ९:१२. दिवसभर आकडेच उतरवायचे, त्यामुळे घड्याळाशी ताडून पाहिलंही नाही. सेव्ह केलं.

पावणेतीनला कामाच्या ग्रुपवर मेसेज आला – मोठी सौरज्वाला, डावी कड, ९:१२. म्हणजे आपले दुपारचे दोन बेचाळीस... मी माझी नोंद उघडली. सेव्ह केल्याची वेळ ६:१०. तीन तास आधी! फोटो उघडला, तर त्यावर वेळ ५:४० आणि डावी कड अगदी शांत.

चारला आमचं काम बघणाऱ्या सरांचा फोन. "तोच फोटो चिपळूणच्या मुग्धानं तपासलाय. ती म्हणते, काही नाही. तू आपल्या घड्याळाची वेळ टाकलीस ना? नवीन मुलं हमखास टाकतात."

"पण सर, सकाळी सव्वानऊलाही ज्वाला नव्हती... दुपारी आली, तीच जागा –"

"मग यंदा पाऊस कधी तेही सांगून टाक!" ते हसले. "फॉर्म भर. वाद मिटला की तुला कायम करतो."

फॉर्मवर चूक कशामुळे झाली याचे तीनच पर्याय होते – वेळेचा घोळ, दुबार नोंद, खराब फोटो. आई रसानं माखलेल्या हातांनीच खुणावत होती, "मीपण बघितलं म्हणून सांग ना त्यांना!"

मी 'वेळेचा घोळ' निवडलं. नोंद पुसली गेली, नोकरी कायम झाली.

चुकून दुसरा फोटो उघडला असेल म्हणावं, तर ९:१२चा फोटो तेव्हा काढलेलाच नव्हता. मग आम्ही दोघींनी काय बघितलं?... मला अजून कळलेलं नाही.

आईनं त्या संध्याकाळी एवढंच विचारलं, "म्हणजे मी खोटी?"

मी लॅपटॉप मिटला.