खालची फूट

दारात चिंच लावू नये, असं पहिल्यांदा म्हणालो तो मीच. इंदिरानगरातली आमची घरं एकमेकांना चिकटलेली, प्रत्येकापुढे हातभर माती. तिथे माणसं मोगरा लावतात, कढीपत्ता लावतात, फार हौस असली तर पेरू. चिंच कोण लावतं? चिंचेखाली झोपू नये, चिंचेवर काहीबाही बसलेलं असतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. भुतांवर माझा विश्वास नाही, पण मुळ्या भिंतीत शिरतात यावर आहे, आणि ती भिंत माझी होती.

शेजारच्या रंगनाथनं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तेवढ्यात त्याची बायको चांगुणाबाई पदर खोचून बाहेर आली. "अप्पा, भूत निघालं तर माझ्याकडं पाठवा. झाड हितंच राहणार. माझ्या बापाच्या बांधावरची हाय ती."

मी आल्या पावली परतलो. त्या बाईपुढे भूतसुद्धा गप्प बसलं असतं.

रंगनाथ बोलायला कंजूष. त्याचं सगळं आयुष्य एका रोपवाटिकेत कलमं बांधण्यात गेलं. आंबा, चिकू, पेरू, चिंच. उजव्या अंगठ्यावर चाकूचा घट्टा पडलेला, तो निवृत्त झाल्यावरही गेला नाही. चिंच मूळची आफ्रिकेतली, शेंगांच्या कुळातली, असं त्याला कुणा साहेबानं सांगितलं होतं. ते त्यानं घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "असंल. आमची मात्र घोटीकडची हाय."

चिंचोका पेरला तर झाड येतं, पण आईच्या गुणाचं येईलच असं नाही, हे मला त्याच्याकडूनच कळलं. म्हणून चिंचोक्याचं रोप वाढवायचं, त्याचा शेंडा उडवायचा, खोडात चीर द्यायची आणि चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून तिथे बसवायची. खालचं रोप पाणी ओढायला, वरची काडी फळ द्यायला. आणि एक नियम: जोडाच्या खाली कोंब आला की दिसताक्षणी खुडायचा. ती खालची फूट लाडानं वाढू दिली तर सगळं पाणी तीच पिते आणि वरची काडी उपाशी मरते. कामावर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला रंगनाथ आधी हे शिकवायचा, मग चाकू हातात द्यायचा.

चांगुणाबाईच्या माहेरची चिंच वेगळी होती. तिची शेंग कच्ची मोडली तरी आत लालभडक. गावातल्या पोरी ती ओठांना चोळायच्या आणि घरी जाऊन मार खायच्या, हे सांगताना चांगुणाबाई म्हातारपणीसुद्धा तोंडावर पदर धरायची. आईबाप गेल्यावर माहेर म्हणून तिला ते झाडच उरलं होतं. धाकटा भाऊ सहादू गावातच होता, पण भाऊ म्हणजे माहेर नव्हे, हे ती त्याच्या तोंडावर म्हणायची. त्याच सहादूला भात ठेवायला गोदाम बांधायचं होतं आणि चिंच नेमकी मधे येत होती. त्यानं ती तोडायला काढली आणि बहिणीला कळवलं ते तोडायच्या दिवशी सकाळी. माणूस वाईट नाही, पण मला त्याचा अजून राग येतो.

दोघं मिळेल त्या गाडीनं गेली. पोचली तेव्हा झाड आडवं पडलेलं होतं. भर श्रावण, धो धो पाऊस, कलमाला अगदी चुकीचा काळ. काडी घ्यायची तर आधी आठवडाभर तिची पानं खुडून डोळे, म्हणजे फुटायचे कोंब, फुगवून घ्यावे लागतात. इथे कसले डोळे आणि कसला आठवडा. रंगनाथनं पडलेल्या फांद्यांतून निवडून काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि घरी आणून बांधल्या. एकेक करत सगळ्या वाळल्या. एक तेवढी राहिली, तिचा डोळा जरासा हिरवा दिसत होता. तीच त्यानं दारात लावली, आणि मी माझ्या भिंतीची तक्रार घेऊन गेलो ती त्याच दिवशी.

मग मालेगावला त्यांच्या जावयाचा पाय मोडला. दुकान उघडायला माणूस नव्हतं. मुलगी उज्वला एकटी काय काय बघणार, म्हणून रंगनाथ काही महिने जाऊन राहिला. निघताना बायकोला म्हणाला, "पाणी घालत जा." एवढंच. अख्खी हयात ज्यानं परक्या पोरांना खालची फूट खुडायला शिकवलं, तो घरच्या माणसाला ते सांगायला विसरला. सांगायचं असतं हेच त्याच्या डोक्यात आलं नाही.

तो परतला तेव्हा चांगुणाबाई फाटकात उभी. "अहो, फुटली!" हातात साखरेची वाटी. सगळ्या गल्लीला तिनं साखर वाटली, मलाही दिली, आणि मी भिंत विसरून ती खाल्ली. रोपाभोवती तिनं टोपली उपडी घालून वर दगड ठेवला होता, शेळ्या येऊ नयेत म्हणून. रंगनाथनं टोपली उचलली. वरची काडी काळी पडून खडखडीत वाळली होती. जोडाच्या खालून बोटभर जाडीचा तजेलदार कोंब वर आला होता.

हे त्यानं मला पुढे फार वर्षांनी सांगितलं. मी विचारलं, "त्याच दिवशी का नाही बोललास? एक दिवस रडली असती."

"तिच्या हातात साखर व्हती," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती भाजीला गेल्यावर त्यानं वाळकी काडी बुडापासून कापून टाकली आणि कापल्या जागेवर माती चोळली. नंतर घोटीला जाऊन आला, बुंध्याला कुठे धुमारा असला तर बघावा म्हणून. बुंधा यंत्रानं उपटलेला, वर फरशी झालेली. पुढची कितीतरी वर्षं बँकेत काम आहे असं सांगून तो घरातून निघायचा आणि आठवडी बाजारात चिंचा विकणाऱ्या बायकांना विचारत हिंडायचा, लाल चिंच कुणाच्या बांधावर आहे का. कुणी हसायच्या, कुणी खऱ्याच गावाचं नाव सांगायच्या. तो तिथेही जायचा. सगळीकडे तपकिरीच निघाली.

आणि इकडे चांगुणाबाई झाडाला तांदळाचं धुवण घालत होती. नवी पालवी आली की खोडावर हात ठेवून विचारायची, "तीच ना ओ ही?"

"तीच," रंगनाथ म्हणायचा.

भिंतीपलीकडून हे मी इतक्यांदा ऐकलं की मला त्याचं कौतुक वाटायचं. म्हातारपणी नवराबायकोत असला एखादा खेळ असावा, असं मी आमच्या घरी म्हणालोसुद्धा. कलमाची चिंच चार-पाच वर्षांत धरते, चिंचोक्याची त्याच्या दुप्पट वेळ घेते. ही काही धरेना. "जमीन चोपण हाय, घट्ट," तो म्हणायचा. "छाटणी जास्ती झाली," म्हणायचा. ती मान हलवायची. थोड्या दिवसांनी पुन्हा, "तीच ना ओ?"

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी झाडाला फुलं आली. चांगुणाबाईनं झाडाला हळदकुंकू वाहिलं. त्या संध्याकाळी रंगनाथ माझ्याकडे आला, चहा समोर ठेवला तो तसाच साय धरून बसला, आणि त्यानं मला सगळं सांगितलं. "आता शेंगा धरतील, अप्पा. कच्ची मोडली तरी कळतं. ती तर डोळे मिटून वळखंल."

मी त्याला झापलं. नेभळट म्हणालो. आजच्या आज सांगून मोकळा हो म्हणालो. त्यानं मान डोलावली, घरी गेला आणि नाही सांगितलं. दिवाळीपर्यंत शेंगा लोंबायला लागल्या. एक फांदी तर सरळ तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर आलेली, गजातून हात काढला की शेंग हातात. मी माझ्या ओट्यावरून बघायचो. ती शेंग हातात घ्यायची, जरा वेळ धरून उभी राहायची आणि सोडून द्यायची. रंगनाथ म्हणायचा, "पिकू दे." तीही म्हणायची, "पिकू द्या की."

मार्गशीर्षात तिला धाप लागायला लागली. पौषात दवाखाना झाला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. शेंगा गाभुळायला लागल्या होत्या, साल सुटायच्या बेताला, तेव्हा ती गेली. आलंगेलं माणूस दारातल्या झाडाकडे बघून हळहळायचं: बिचारीनं इतकं वाढवलं आणि चाखायला मिळालं नाही. रंगनाथ खाली मान घालून ऐकायचा. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ बसून म्हणाला, "ती गेली तवा पहिलं मनात काय आलं माहितीय, अप्पा? सुटलो." आणि हा अबोल माणूस इतका मोठ्यानं रडला की आतून उज्वला धावत आली. मी तिला काहीतरी थाप मारली.

दहाव्याला आम्ही गोदावरीवर गेलो. पिंड ठेवला, सगळे मागे सरलो. कावळे समोरच्या भिंतीवर ओळीनं बसलेले, पण एकही पुढे येईना. मग ते नेहमीचं सुरू झालं. उज्वला हात जोडून म्हणाली, "आई, मी बाबांना एकटं टाकणार नाही." कावळा हलला नाही. सहादू म्हणाला, "ताई, गोदामाच्या कडंला चिंच लावतो, तुझी आण." एक कावळा उडाला, तो उलट्या दिशेला. मला तर चीडच आली. जिवंतपणी एक फोन वेळेवर केला असता तर बरं झालं असतं.

"तिची चिंच राहिली ना खायची!" उज्वलाला एकदम आठवलं. तिनं येताना एक डहाळी आणलीच होती. शेंगांसकट ती पिंडाजवळ ठेवली. सगळ्यांना वाटलं, आता येणार. ऊन चढलं. गुरुजी दर्भ हातात घेऊन उठले. कावळा नाहीच शिवला तर दर्भाचा करून शिववतात, तो करायला घेतला.

तेव्हा रंगनाथ पुढे गेला. पिंडासमोर उकिडवा बसला, डहाळीची एक शेंग तोडून त्यानं मोडली आणि दोन्ही तुकडे तळहातावर धरले. आत साधीच चिंच, तपकिरी.

"चांगुणा," तो म्हणाला. मी त्याच्या तोंडून तिचं नाव कधीच ऐकलं नव्हतं. "ही ती न्हाय. काडी वाळली. तू साखर वाटली त्याच्या आदीच वाळली व्हती. ही खालची फूट हाय. मला ठावं व्हतं."

सहादूनं तुकड्याकडे बघितलं आणि नजर वळवली. उज्वला आधी बापाकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. तिला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. रंगनाथ उठून दोन पावलं मागे आला नसेल, तोच कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच मारली. "सुटली गं बाई," मागून कुणीतरी बाई म्हणाली. सगळे मोकळे झाले, चपला शोधायला लागले. रंगनाथ मात्र पायरीवर मटकन बसला.

मी त्याच्याजवळ बसलो. म्हटलं, "अरे, कावळ्याला भूक लागली आणि माणसं हलली की तो येतो. त्यात काही नसतं. तुझं बोलणं आणि त्याचं येणं, योगायोग आहे." माझा त्यावर विश्वास आहे. त्या पायरीवरही होता.

त्यानं मूठ उघडली. मोडक्या शेंगेचा चिकट गर तळहाताला लागला होता.

"खिडकीला हाताशी व्हत्या, अप्पा," तो म्हणाला. "एकबी मोडून बघितली न्हाय तिनं." मग त्यानं तळहात पायरीच्या दगडाला पुसला. "तीच ना ओ, तीच ना ओ, करायची. मला वाटायचं लाडानं म्हणती. ती इचारत व्हती. आन् मी दर टायमाला, तीच म्हणलो."