रविवारचं लांब गाणं

माझ्या थोरल्या बहिणीला रॉक संगीताचा मनापासून कंटाळा आहे, आणि लग्न झाल्यापासून दर रविवारी सकाळी ते तिच्याच बाहेरच्या खोलीत वाजत आलंय. याला नशीब म्हणा नाहीतर संसार म्हणा.

ताई इस्पितळाच्या धुलाईखात्यात आहे. सोमवार ते शनिवार ती यंत्रातून बाहेर पडणाऱ्या गरम चादरी ओढते, झटकते आणि समोरच्या बाईच्या टोकाला टोक जुळवून घड्या घालते. दिवसभर उभं राहून पाय सुजतात. ब्लीचने बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात, त्या बाराही महिने भरत नाहीत. घरी आली की पलंगाच्या कडेवर बसते आणि बराच वेळ चप्पलसुद्धा काढत नाही. मी एकदा विचारलं काय झालं म्हणून, तर म्हणाली, काही नाही गं, मी आले, पाय यायचेत अजून.

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करायचे. आठवडाभर ग्रीसमध्ये हात घालायचे आणि रविवारी तेच हात साबणाने घासून रेकॉर्डी पुसायचे. जुन्या रॉकचं वेड म्हणजे किती, तर घरात कपड्यांना कपाट नव्हतं पण रेकॉर्डींना होतं. त्यांचे तीन दोस्त होते, तिघेही त्याच माळेचे मणी: बसचा ड्रायव्हर, दातांच्या दवाखान्यातला कंपाउंडर आणि कोपऱ्यावरचा शिंपी. दर रविवारी हे चौघं जमायचे. प्रत्येकाने एक गाणं आणायचं, आधी त्या गाण्याची आठवण सांगायची, मग ते लावायचं. आणि सुई उचलेपर्यंत कुणी एक अक्षर बोलायचं नाही, हा नियम. मी एकदा मधेच शिंकले, तर तिघांनी असं पाहिलं की मला स्वतःच्या नाकाची लाज वाटली.

आठवणी मात्र झकास असायच्या. कंपाउंडर लहानपणी तापाने फणफणला होता तेव्हा शेजारच्या घरातून भिंतीपलीकडून एक गिटार वाजत राहिली, आणि आपण औषधाने नाही, त्या गिटारीने बरे झालो असं तो आजही मानतो. दवाखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाने हे म्हणावं म्हणजे कमालच. शिंप्याने तरुणपणी गावातल्या एका बँडच्या पोरांना खाली घेर असलेल्या पँटी शिवून दिल्या होत्या. बँड बुडाला, पँटी राहिल्या. आमच्या आईला कुणीतरी सांगितलं की रॉक म्हणजे दगड, तेव्हापासून ती या मंडळींना दगडफोडे म्हणायची. जावई दारू पीत नाही, दगड फोडतो, दगडापेक्षा वीट मऊ, असं काहीतरी पुटपुटायची.

दाजींचा नंबर शेवटचा. ते आठवण कधीच सांगायचे नाहीत. आपलं नंतर बघू, म्हणायचे आणि दर वेळी तीच एक रेकॉर्ड लावायचे. एका बाजूवर एकच गाणं, संपता संपत नाही असं लांब. सुई टेकवायची आणि स्वयंपाकघरात निघून जायचं. गाणं संपायच्या बेताला बाहेर यायचे ते लाल डोळ्यांनी, नाक ओढत.

आता सुतावरून स्वर्ग गाठणं काय असतं ते बघा. तिघांनी आपसात ठरवून टाकलं की या गाण्यामागे दाजींचं काहीतरी मोठं दुःख आहे. इतकं, की ते चारचौघांत ऐकवत नाही, म्हणून आत जाऊन ऐकतात आणि रडतात. पुरुषाने पुरुषाला रडण्याबद्दल विचारायचं नसतं, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

खरं काय ते मला माहीत होतं, कारण मी रविवारी बऱ्याचदा ताईच्या स्वयंपाकघरात असायचे. दाजी आत येऊन कांदे चिरायचे. ताईच्या भेगांत कांद्याचा रस गेला की तिला ब्रह्मांड आठवायचं, म्हणून दुपारच्या जेवणाचे कांदे दाजींकडे होते. ते गाणं निवडलं होतं ते लांब होतं म्हणून. तेवढ्या वेळात पाहुण्यांना हलता येत नाही, बोलता येत नाही, आणि यजमानाला कुणी शोधत नाही. दाजी ओट्याशी उभे राहून चिरायचे, ताई स्टुलावर पाय वर घेऊन बसायची. फारसं बोलायचे नाहीत. आठवडाभरात दोघं एका जागी निवांत असायचे ते तेवढेच.

दाजी गेले त्याला दीड वर्ष झालं. हृदयाने दगा दिला, तोही कामावर. दिवस उरकले आणि पुढच्या रविवारी तिघं नेहमीच्या वेळी दारात उभे. हातात रेकॉर्डी, चेहरे पडलेले. ताईने दार उघडलं, ते उघडंच राहिलं. दर रविवारी येऊ लागले. आपापली गाणी लावायचे, आणि शेवटी दाजींच्या नावाने ते लांब गाणं. ते सुरू झालं की ड्रायव्हर रुमाल काढायचा. आत ताई कांदे चिरायची, स्वतःच्या हाताने.

मी सांगितलं, अगं, स्पष्ट सांग ना त्यांना. ती म्हणायची, काय सांगू? वाईट माणसं आहेत का? नव्हती, हीच पंचाईत होती. चहाचे कप धुऊन ठेवायचे, जाताना खुर्च्या जागेवर लावायचे. पण ताईला सहा दिवसांनंतरचा सातवा दिवस हवा होता. तिला झोपायचं होतं, बस. पन्नाशी उलटलेल्या बाईने झोप मागावी आणि तीही मिळू नये याचा मला राग यायचा, आणि राग आला की माझं तोंड चालतं. गेल्या महिन्यात मी बजावलं, या रविवारी तू सांग, नाहीतर मी सांगते. माझ्या सांगण्याची पद्धत तिला माहीत आहे. ती म्हणाली, मीच सांगते.

त्या रविवारी मी मुद्दाम गेले. गाणी झाली, आठवणी झाल्या, लांब गाणं लागलं. ड्रायव्हरने डोळे मिटले. सुरुवात हळू आहे त्याची, मग ड्रम येतात. ड्रम आले आणि आत ताईने सुरी खाली ठेवली. बोटं नळाखाली धरली, पुसली आणि कांदे चिरायचा पाट कांद्यांसकट उचलून तशीच बाहेर गेली. मी मागोमाग. तिने पाट त्यांच्या मधोमध, रेकॉर्डींच्या शेजारी ठेवला. गाणं चालू होतं, त्यामुळे कुणी बोललं नाही. ती बोलली.

"ते रडत नव्हते," ताई म्हणाली. "कांदे चिरत होते."

तिघं पाटाकडे बघत राहिले. मग तिने सगळं सांगितलं. हाताचं, वेळेचं, गाणं लांब म्हणून लावायचे ते. आवाज चढवला नाही. चादरीची घडी घालावी तसं एकेक सांगितलं. शेवटी म्हणाली, मी फार दमते हो, मला रविवारी झोपू द्या. मला वाटलं होतं, तिचं हे ऐकून मला बरं वाटेल. ड्रायव्हरचा चेहरा बघून मुळीच वाटलं नाही. दीड वर्ष तो ज्या दुःखाला रुमाल लावत होता ते दुःखच नव्हतं.

शिंप्याने उठून सुई उचलली. खोली एकदम मोठी वाटायला लागली.

"वहिनी, मग त्याचं आवडतं गाणं कुठलं होतं?" ड्रायव्हरने विचारलं.

ताई कपाटाकडे बघत राहिली. तिला माहीत नव्हतं. मला नव्हतं, कंपाउंडरला नव्हतं. इतक्या वर्षांत एकानेही विचारलं नव्हतं, आणि दाजी आपलं नंतर बघू म्हणत गेले होते. मला रडू आलं, आणि मी पाटापासून चांगली लांब उभी होते.

"मग हे गाणं कुणाचं?" ड्रायव्हरने पुन्हा विचारलं. उलटतपासणी नव्हती ती. त्याला खरंच धरायला काहीतरी हवं होतं.

ताई पाटाशी खाली बसली. मग म्हणाली, ड्रम आले की त्यांचा पहिला कांदा संपायचा. सगळं थांबून नुसती गिटार राहिली की ते हात धुवायला घ्यायचे, आणि मला वाटायचं, आणखी थोडं चालावं.

"माझं आहे," ती म्हणाली. "पण दर रविवारी नको. महिन्यातून एकदा या. आणि येताना कांदे चिरून आणा."

परवा ते आले. ड्रायव्हरने डब्यात कांदे आणले होते, चिरलेले कसले, फोडलेले. आई असती तर म्हणाली असती, शेवटी दगडफोडेच. शेवटी ते गाणं लावताना तिघांनी ताईला दाजींच्या खुर्चीत बसवलं आणि समोर स्टूल सरकवलं. तिने पाय वर घेतले. ड्रम यायच्या आधीच तिला झोप लागली, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर.

गाणं संपलं. रेकॉर्ड फिरत राहिली, सुई कडेला खर्र खर्र करत राहिली. ती उचलली की बोलायची मुभा होती, पण तिघांपैकी कुणीही उठलं नाही.