आईनं हाकलेली गाडी

परभणीत बॅटरीवरची रिक्षा आवाज न करता शेजारून गेली, की मला समुद्रातलं ते छोटंसं बेट आठवतं. गुडघ्यांमुळं माझ्या वडिलांना, अण्णांना, पायी फिरणं होत नव्हतं, म्हणून आम्ही तिथं स्वतः चालवायची बॅटरीगाडी भाड्यानं घेतली. पहिल्याच वळणावर मी ती वाळूत घातली. सोनपेठच्या शेतात वर्षानुवर्षं बैलगाडी हाकलेली आई म्हणाली, "सरक तिकडं, मी हाकते." खारट वाऱ्यात, नारळींच्या सावलीतून तिनं अख्ख्या बेटाला चक्कर मारली. "लय जोरात चालवायलीस!" अण्णा दांडा घट्ट धरून ओरडत होते. गाडी परत करायची वेळ झाली, तरी ते उतरेनात. "आनखी एक चक्कर मार की," ते आईला म्हणाले. मी धावत जाऊन एक तास वाढवून घेतला. आज अण्णा नाहीत. पण तो एक तास त्यांना मिळाला, याचं अजून बरं वाटतं.