मोवरचा बोल्ट आणि शिवलीलाची सही

शिवलीलाला मशीन चालवता येत नाही असं जो म्हणेल, त्याला मी स्टोअरच्या दारात उभं करणार नाही. बेळ्ळंदूरच्या आमच्या ऑफिस कॅम्पसमध्ये पाच वर्षांहून जास्त काळ तिनं एकटीनं गवत कापलंय. सहा एकर हिरवळ, त्यात तीन ठिकाणी चढ, कडेनं पाण्याचे पाइप. एवढ्या वर्षांत एक पाइप फुटला नाही. आणि म्हणे तिला मोवर चालवायचं कळत नाही. डोकं फिरतं माझं.

मी गुंडूराव, इथला स्टोअरकीपर. घर राजाजीनगरात. चार पिढ्या आम्ही बेंगळुरातच आहोत, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. कॅम्पसमध्ये माझ्याशी मराठी बोलणारं माणूस एकच, ही शिवलीला. ती निपाणीकडची. नवरा यल्लाप्पा सेंट्रिंगच्या कामावर इकडे आला, त्याच्यामागून ही आली आणि आमच्याकडे गवत उपटायला लागली. मोवर तेव्हा दुसराच एकजण चालवायचा. त्याचं बघून बघून ही शिकली. तो काम सोडून गेला तेव्हा मॅनेजर संतोषकुमार साहेब नवा माणूस शोधायला फोन लावत बसले, आणि फोन होईपर्यंत हिनं अर्धी हिरवळ कापून ठेवली होती.

बसून चालवायचा मोवर आहे तो, छोट्या ट्रॅक्टरसारखा. त्यावर बसली की ही बाई कुणाला जुमानायची नाही. सुपरवायझरलाही हातानं बाजूला हो म्हणायची. "बाकीच्या बायका दिवसभर वाकत्यात अण्णा, मी वर बसते," असं मला एकदा म्हणाली होती. ती सीट म्हणजे तिची सगळी कमाई होती.

गेल्या वर्षी जुनं इंजिन जाम झालं. होसकोट्याच्या एका एजन्सीनं नवं दिलं, आणि त्यांचा मेकॅनिक देवाप्पा एका दुपारीत बसवून गेला. त्या मोवरच्या इंजिनाचा दांडा खालच्या बाजूला निघतो. दांड्यावर पात्यांचा क्लच चढवतात आणि खालून एका लांब बोल्टनं आवळून धरतात. सीटजवळचं बटण ओढलं की क्लच पकडतो, पट्टा फिरतो, पाती फिरतात. सगळा भार त्या एकट्या बोल्टवर.

तिसऱ्याच दिवशी तो बोल्ट सैल झाला. देवाप्पानं येऊन आवळला. चार दिवसांनी पुन्हा तेच. या खेपेला त्यानं आट्यांना पक्कं धरणारा डिंक लावला, पाना लावून वर पायानं जोर दिला, आणि आमच्या मॅनेजरना, संतोषकुमारना सांगितलं, "सार, ही बाई इंजिन फुल ठेवून बटण ओढते. झटका बसतो. बोल्ट काय करणार?" मशीनकडे त्यानं पाच मिनिटं पाहिलं असेल, बाईकडे एकदाही नाही. आणि संतोषकुमारनी मान डोलावली. पाच वर्षं त्याच बाईनं तेच बटण तसंच ओढलं होतं, तेव्हा का नाही सुटला बोल्ट? एवढा साधा प्रश्न विचारायला काय इंजिनिअर व्हावं लागतं?

तिसऱ्यांदा बोल्ट सैल झाला तेव्हा क्लच चालू मशीनवरच खाली घसरला. त्याची वायर तुटली, पट्टा जळाला, वास सुटला. नेमके बाहेरचे पाहुणे हिरवळ बघायला आले होते. संतोषकुमार लाल झाले. मला बोलावून म्हणाले, हिच्याकडून लिहून घ्या.

मी इंग्रजीत लिहिलं, की माझ्या निष्काळजीपणामुळे मशीनचं नुकसान झालं आहे. शिवलीलानं विचारलं, "काय लिवलंय, अण्णा?" मी म्हणालो, "काही नाही गं, मशीन बिघडलं एवढंच. सही कर, स्वल्प दिवसांत सगळे विसरतात." मराठीतून सांगितलं म्हणून तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. कन्नड वळणाच्या मोठ्या अक्षरात सही केली.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात खराटा आला. गवत कापायचं काम एक तारखेपासून बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं ठरलं. ती साहेबांना विचारायला गेली, तर त्यांनी तोच कागद पुढं धरला. तिथून ती थेट स्टोअरला आली. "अण्णा, माझी चूक हाय असं मी लिवून दिलंय?" मी कपाटाकडे तोंड करून काहीतरी शोधत राहिलो. लाज वाटायला हवी होती, पण मला तिचाच राग आला, आता सगळ्यांसमोर मला विचारते म्हणून.

तिनं भांडण केलं नाही. काही दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मोवरखाली जाऊन आडवी झाली. तोवर वायर आणि पट्टा नवा आला होता, देवाप्पा क्लच परत बसवून गेला होता. तिनं बोल्टाला पाना लावला, तो तसूभर हलला नाही. मग बोल्टाच्या डोक्याखालचा वायसर, ती चपटी चकती, बोटानं फिरवून पाहिला. तो गरगर फिरला. एवढा आवळलेला बोल्ट, आणि त्याच्याखालचा वायसर बोटानं फिरतो.

तिनं बोल्ट काढला. खराट्याची एक काडी मोडून दांड्याच्या भोकात तळापर्यंत घातली, क्लचच्या काठाशी नखानं खूण केली आणि ती काडी बोल्टाशेजारी धरली. बोल्ट दोन शितांएवढा लांब भरला. ती तशीच, काडी आणि बोल्ट घेऊन माझ्याकडे आली. "हे बघा अण्णा. बोल्ट आधी भोकाच्या तळाला टेकतोय. म्हणून आवळल्यासारखा लागतोय, पण क्लचला धरतच न्हाई. नव्या इंजिनाचं भोक उथळ हाय. मला जाड वायसर द्या, न्हाईतर आखूड बोल्ट द्या."

तीन वेळा दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकला जे दिसलं नाही, ते या बाईला काडीनं दिसलं. मी खुशीत मागच्या फळीवर वायसर शोधायला गेलो. तिथं एक प्लॅस्टिकची पिशवी होती, न उघडलेली. आत आखूड बोल्ट आणि एक जाड कडं. वर माझ्या अक्षरात चिठ्ठी: नवे इंजिन, जादा सामान.

मग मला सगळं आठवलं. देवाप्पा इंजिन बसवत होता तेव्हा मीच त्याला म्हणालो होतो, जुना बोल्ट चांगला आहे, तोच घाल, नवा राहू दे, पुढं कधी लागेल. आमच्या घरात नवी चादर पेटीत आणि जुनी अंगावर, तेच मी इथं केलं. देवाप्पानंही विचार न करता हो म्हटलं.

पिशवी मी तिच्या हातात दिली. तिनं विचारलं, "हे कधी आलं?" मी म्हणालो, "इंजिनाबरोबर." ती चिठ्ठीकडे बघत राहिली. मराठी तिला वाचता येत नाही, पण माझं अक्षर ती रोज बघते. मग पिशवी घेऊन गेली आणि आखूड बोल्ट नि कडं घालून क्लच बसवला.

गवत गुडघ्याला आलं होतं, म्हणून ठेकेदार येईपर्यंत साहेबांनी तिला मोवर चालवायला दिला. आठ दिवस बोल्ट केसभर हलला नाही. साहेब म्हणाले, बघा, देवाप्पानं शेवटी नीट आवळला. मी गप्प बसलो. आठ दिवस, मी, चार पिढ्यांचा अब्रूदार माणूस. दुसऱ्यांवर ओरडतो मी, पण एवढा राग मला जन्मात कुणाचा आला नसेल जेवढा माझा आला.

नवव्या दिवशी ती दारात उभी राहिली. "सोमवारी एक तारीख, ठेकेदार येतोय, अण्णा. तुमी सांगणार हाय का साहेबांना, का मी सांगू?"

मी सांगितलं. संतोषकुमार म्हणाले, तोंडी नको, फाइलमध्ये तिचा कागद आहे, तो काढायचा तर दुसरा लागेल. मी लिहिला, पिशवीसकट सगळं, माझ्या नावानं. तिला समोर बसवून ओळ न ओळ मराठीत सांगितली, या वेळी खरी. "तुमचं नाव कुठं हाय?" तिनं विचारलं. मी दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं.

ठेकेदार आला नाही. सीट तिची राहिली. मला एक मेमो मिळाला, त्याचं काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोवरची किल्ली न्यायला आली. पाच वर्षं ती "अण्णा, किल्ली द्या" म्हणायची. त्या दिवशी तेच कन्नडमध्ये म्हणाली, "की कोडी, सार." मी किल्ली दिली आणि मराठीत विचारलं, नाष्टा झाला का. "आयतु, सार," झाला, एवढंच ती म्हणाली आणि मोवरकडे गेली. याला आता वर्ष होत आलं. माझ्याशी ती अजून कन्नडच बोलते.