मामांचा गाल

आमच्या निघोज्याच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शिपायांना सगळे मामाच म्हणतात. नववीच्या मुलांना पेशी दाखवायच्या असल्या की ते वनस्पतीसाठी कांद्याचा पापुद्रा काढतात आणि प्राण्यासाठी स्वतःचा गाल देतात. तंबाखूचा बार थुंकून, खळखळून चूळ भरून काडीनं गाल आतून खरवडतात आणि म्हणतात, "घ्या, आपलं जनावर हजर हाय."

यंदा तोंड उघडतानाच ते कळवळले. काडीला रक्त लागलं. मुलं कांद्याच्या विटांसारख्या पेशी बघण्यात गुंग होती, तेवढ्यात मामा माझ्या कानाशी आले.

"मॅडम, माझ्या नीट बघा. वाईट काय दिसतंय का?"

मी सूक्ष्मदर्शकात डोळा लावला. निळसर, वेड्यावाकड्या पेशी, नेहमीसारख्याच.

"मामा, यातून तसलं कळत नसतं. आजच डॉक्टरांकडे चला, मी येते सोबत."

"म्हंजे दिसलं न्हाई ना?" त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि काचपट्टी पुसून टाकली.

काल दुसऱ्या तुकडीचा तास होता. मामांनी कांदा चिरून ठेवला होता. काडी मात्र त्यांनी माझ्या गालासाठी पुढे धरली, तोंड न उघडता.