ताप उतरल्यावर

पिंपरी पेंढारला टोमॅटोचा तोडा अजूनही बऱ्याच घरांत सावडीने होतो. आज तुम्ही आमच्या वावरात, उद्या आम्ही तुमच्या. मजुरी कोणी घेत नाही. पाळी मात्र चुकवायची नसते. माझ्या थोरल्या भावाची बायको तापाने पडली, तेव्हा शेजारणीच्या वावरातली तिची पाळी फेडायची राहिली होती.

ताप जबर होता. डोळ्यांच्या मागे ठणका, अंग मोडून आलेले. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासले, डेंग्यू निघाला. तापाला फक्त पॅरासिटामॉल द्यायची, अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्या द्यायच्या नाहीत आणि ताप गेला की पुन्हा दाखवायला यायचे, असे त्यांनी बजावले. शेवटची सूचना घरात कोणी मनावर घेतली नाही. ताप गेल्यावर दाखवायचे काय?

ताप गेला. वहिनी न्हाली आणि डोक्याला फडके बांधून निघाली.

"आजच्या दिस ऱ्हाऊ दे," भाऊ म्हणाला.

"अन् सावड कोण फेडणार, तुमी? तुमाला तोडायला लावलं की हिरवीच टमाटी खुडता."

मी सुट्टीवर आलो होतो आणि भावाबरोबर त्याच वावरात क्रेट उचलत होतो. थोड्या वेळाने वहिनी दोन ओळींच्या मध्ये पोट धरून खाली बसली. उलट्या थांबेनात. शेजारीण हसत म्हणाली, "काय गं, खाटेची सवय लागली व्हय?" वहिनीला उठवायला तिने हात धरला आणि तिचे हसू थांबले. "अवो भाऊ, पळा इकडं! ही लई गार पडलीय."

ऊन कडक होते आणि वहिनीचे हातपाय ओले, थंडगार होते. टेम्पोतले क्रेट खाली उतरवून तिला नारायणगावच्या दवाखान्यात नेले. हिरड्यांतून रक्त येत होते. नाडी जेमतेम लागत होती, सकाळपासून लघवी झालेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, डेंग्यूत ताप उतरतानाच धोका वाढतो. रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपते, रक्त दाट होते, दाब कोसळतो. वजन बघून, मोजून सलाईन सुरू झाले. भाऊ प्लेटलेटसाठी फोन लावत सुटला. "मोठा रक्तस्राव नाही. आत्ता त्यांची गरज नाही," डॉक्टरांनी सांगितले. नर्स पुन्हा पुन्हा रक्तदाब घेत होती, लघवी मोजत होती, रक्त तपासायला पाठवत होती. वहिनी वाचेल की नाही, हे त्या दिवशी कोणी सांगेना.

दाब हळूहळू सावरला. पुढे एका सकाळी डॉक्टरांनी सलाईन बंद केले, तेव्हा भाऊ चिडला.

"तिला उभं ऱ्हाता येत न्हाई, अन् तुमी सलाईन काढता?"

"बाहेर झिरपलेलं पाणी आता रक्तात परत येतंय. वरून आणखी दिलं तर फुप्फुसात भरेल."

भावाला ते पटले नाही. तो पुन्हा बोलणार, तेवढ्यात कॉटवरून आवाज आला, "भांडत काय बसलाय? मला भूक लागलीय."

डॉक्टरांनी तिच्याकडे वळून काय खाशील, असे विचारले. मऊ भात, ती म्हणाली. भाऊ भात आणायला गेला.