बाहेरचं साधन : निरंक

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही. माझे बाकीचे गोंधळ मी स्वतःच चौकात उभा राहून सांगतो. धंद्याची पाटी रंगवून घेताना स्वतःचाच फोन नंबर चुकवला, हे अख्ख्या भोरला पाठ आहे. स्वतःचं हसं करून घेण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नाही. पण हा किस्सा — किस्सा तरी कसा म्हणू?

आधी जरा वैताग काढू द्या. आपण मोबाईलवर ज्या दुकानातून ॲप घेतो, त्या दुकानाचे नियम कधी वाचलेत? वाचू नका. आज एक, महिन्यानं दुसरा. ॲप लिहिणारा सगळं स्वतः लिहीत नाही. नकाशा वगैरेसाठी दुसऱ्यानं लिहिलेला तयार तुकडा आणून जोडतो — घरच्या आमटीत बाजारचा मसाला. तर दुकान म्हणतं, मसाला कुणाचा, त्यात काय काय, लोकांच्या फोनमधून तो काय उचलतो, सगळं लिहून द्या. फॉर्म एवढा लांब की खाली पोचेपर्यंत वरचा प्रश्न विसरावा. आणि पलीकडं माणूस नाहीच, यंत्र. भांडायचं कुणाशी?

हे सगळं खरं आहे. आणि ह्याचा माझ्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नाही.

आमचं ॲप एसटीचं होतं. कॉलेजात माझ्याबरोबर शिकलेली शबाना — तिनं लिहिलं. वेल्ह्याकडची गाडी कधी येईल ते सांगता येत नाही. गाडीत बसलेल्यानं बटण दाबायचं, की पुढच्या थांब्यावरच्याला कळणार गाडी मार्गासनी सोडून निघाली. दाखवायला गेलो तेव्हा पासलीच्या एका आजोबांनी मोबाईल उलटासुलटा करून बघितला. "ह्यो गाडी आणतोय, का नुसता सांगतोय?"

"नुसता सांगतोय, आबा," शबाना म्हणाली.

"मग आमच्या जावयावानीच की!"

अक्कल सगळी तिची. माझ्याकडं कामं दोन — नकाशाचा तुकडा शोधून जोडणं, आणि फॉर्म. फॉर्म माझ्याकडं, कारण माझे वडील तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचे. त्यांची शिकवण होती, रकाना रिकामा दिसला की कारकून अर्ज माघारी धाडतो. कळलं नाही तर 'निरंक' लिहावं आणि मोकळं व्हावं. मी तेच केलं. बाहेरचं साधन वापरलंय? नाही. कुणाची माहिती गोळा होते? नाही. नाही, नाही, नाही. दहा मिनिटांत मोकळा. आपल्या हुशारीवर खूश होऊन मिसळ खाऊन आलो.

तो फुकटातला नकाशा ॲप बंद असतानाही माणूस कुठं आहे ते टिपून आपल्या मालकाला कळवत होता. मला ठाऊक होतं का? नव्हतं. वाचलं असतं तर झालं असतं का? — झालं असतं. नकाशाच्या अटींत तिसऱ्याच ओळीत होतं.

दुकानानं ॲप काढून टाकलं, आणि खातं बंद करण्याची नोटीस धाडली. कारण एवढंच, की न सांगता लोकांची माहिती बाहेर जाते; कुठल्या तुकड्यातून, ते नाही. खातं शबानाच्या नावावर. अपील एकदाच, ते फेटाळलं की त्या नावावर पुन्हा कधीच खातं नाही. आणि पुण्याच्या एका कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं, ते ह्याच ॲपच्या जोरावर.

तिनं मला सरळ विचारलं. "अव्या, खरं सांग. नकाशाचं लिहिलं होतंस ना? मी रागावणार न्हाई. लिहिलं नसशील तर अपिलात कबूल करू, तुकडा काढून टाकू, सुटू."

सुटलो असतो? बहुतेक. एवढा सोपा रस्ता तिनं आखून हातात दिला होता. आणि मी काय म्हणालो असेन?

"लिहिलंय की! तुझ्याच कोडात काहीतरी असणार."

'तुझ्याच'वर जोर दिला होता मी. तोही आठवतोय.

ती आपलं लिखाण तपासत बसली, ओळ न् ओळ. चूक नव्हतीच, तर सापडणार काय? शेवटी माझ्या शब्दावर तिनं अपिलात लिहून दिलं, की आम्ही सगळं खरं सांगितलंय. म्हणजे माझं खोटं तिच्या नावानं गेलं. यंत्रानं ते दोन ओळींत फेटाळलं. दोन्ही ओळी बरोबर होत्या — इतका संताप येतो मला त्याचा! मुलाखतीत तिनं सांगितलं, माझ्या कोडात चूक होती, कुठली ते अजून कळलेलं नाही. असं बोलणाऱ्या मुलीला कोण नोकरी देतं? नाहीच दिली.

आता ती भोरमध्येच कॉम्प्युटरचे क्लास घेते. मी प्रिंटर दुरुस्त करतो. परवा तिचाच प्रिंटर उघडून बसलो होतो, आणि ती वर्गाला सांगत होती, "आपलं लिहिलेलं चारदा तपासत जा गं. मी न्हाई तपासलं, काय झालं बघा माझं." मग माझ्याकडं वळून हसली. "खोटं वाटत असंल तर ह्या सरांना विचारा. सर होते की तेव्हा."

सगळ्या वर्गानं माझ्याकडं बघितलं.

"व्हय," म्हणालो, आणि प्रिंटरचं झाकण लावलं.